नऊ मिलिमीटरची अडचण

डॅन ए४-एसएफएक्स या पीसी केसचं आकारमान अवघं ७.२ लिटर. तिच्यात दोन स्लॉट जाडीचं, २९५ मिलिमीटर लांबीपर्यंतचं ग्राफिक्स कार्ड बसतं. २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० फाउंडर्स एडिशन जाडीत बसतं, पण लांबी ३०४. नऊ मिलिमीटरसाठी सगळं मुसळ केरात! शिवाय कार्डाची भूक ५७५ वॉटची, म्हणजे पॉवर सप्लाय बदलणंही बहुधा आलंच.

छोट्या पीसीत म्हणूनच आधी मोजपट्टी काढायची, मग पाकीट.

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० मिलिमीटर चौरस. रॅमचे बहुधा दोनच स्लॉट. दोन्ही भरलेले असतील तर जुन्या पट्ट्या काढाव्याच लागतात. एसएसडी बदलणं सोपं, पण काही बोर्डांवर तिची जागा मागच्या बाजूला असते आणि एका बारीकशा स्क्रूसाठी अख्खा बोर्ड उचकटावा लागतो.

किफायतशीर बदल प्रोसेसरचा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या २०१८ मधल्या बी४५० बोर्डांवरही २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. फक्त बायॉस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकायचं. घाईत नेमकं तेच राहून जातं. या चिपची उष्णता मात्र नॉक्टुआच्या ३७ मिलिमीटर उंचीच्या बुटक्या कूलरला जड जाते.