प्लेगच्या पुण्यातील दोन अधिकार

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सरकारने नव्या साथरोग कायद्याच्या, म्हणजे साथीच्या काळात शासनाला जवळजवळ अमर्याद सत्ता देणाऱ्या कायद्याच्या आधारे वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे बंदोबस्त सोपवला. रोग्याला वेगळे ठेवणे, ज्याला विलगीकरण म्हणतात, ते वैद्यकीयदृष्ट्या गैर नव्हते. परंतु गोरे शिपाई थेट देवघरापर्यंत शिरून झडत्या घेऊ लागले, सामान बाहेर काढून जाळू लागले, तेव्हा लोक काखेत गाठ आलेला माणूस लपवू लागले आणि जिला आवर घालायचा त्या साथीलाच आडोसा मिळाला.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी, डॉक्टर असलेले दत्तक पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात उघडलेल्या दवाखान्यात रोगी आणण्याचे काम पत्करले. विलगीकरण येथेही होतेच. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की येथे रोग्याला कोणी ओढून नेत नव्हते. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणले. पुढे त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.