फॉर्म भरण्यापूर्वी ‘नॉट लेस दॅन’ समजून घ्या

घरात इंग्रजी फॉर्म आला, नोकरीची जाहिरात किंवा शिष्यवृत्तीची सूचना आली, की आपण आधी आकडा पाहतो. वय किती? उत्पन्न किती? शेवटची तारीख कोणती? पण त्या आकड्याच्या आधी दोन-तीन छोटे शब्द असतात. खरा निर्णय तेच करतात.

मराठीत ‘पेक्षा’ हा शब्द आकड्याला मागून जोडला जातो: पन्नासपेक्षा जास्त, पन्नासपेक्षा कमी. इंग्रजीत ‘दॅन’ आकड्याच्या आधी येतो. त्याच्याही आधी ‘नॉट’ लागला की अर्थ बदलतो. ‘मोअर दॅन ५०’ मार्क हवे असतील, तर ५० मार्कवाला विद्यार्थी बाद. ‘नॉट लेस दॅन ५०’ असेल, तर ५० पेक्षा कमी नकोत एवढेच. ५० वालाही पात्र. एका मार्काचाही फरक नाही, तरी एकाला प्रवेश मिळतो आणि दुसऱ्याला नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या संविधानात आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने संविधानाचा मसुदा इंग्रजीत तयार केला. मतदानाच्या हक्काच्या कलम ३२६ मध्ये वयाच्या आधी ‘नॉट लेस दॅन’ हेच शब्द आहेत. पूर्वी तेथे २१ वर्षे होती. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने १८ झाली. आकडा बदलला, शब्द तेच राहिले. म्हणून ठरलेल्या तारखेला ज्याला नेमकी १८ वर्षे पूर्ण झाली, तो तरुण वयाच्या अटीत बसतो. तेथे ‘मोअर दॅन’ असते, तर तो बाहेर राहिला असता.

घटनादुरुस्तीच्या कलम ३६८ मध्येही हेच शब्द आहेत. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी ‘नॉट लेस दॅन’ दोन-तृतीयांश सभासद बाजूने हवेत. लोकसभेत ४५० जणांनी मत दिले, तर ३०० मते पुरतात. २९९ झाली तर ही अट पूर्ण होत नाही. साध्या बहुमताला मात्र ‘मोअर दॅन’ अर्धे लागतात. तेथे ४५० पैकी २२५ पुरत नाहीत, २२६ हवेत.

आता आपल्या फॉर्मकडे वळू. ‘नॉट मोअर दॅन’ किंवा ‘नॉट एक्सीडिंग’ अडीच लाख म्हणजे बरोबर अडीच लाख उत्पन्न चालते. ‘लेस दॅन’ किंवा ‘बिलो’ अडीच लाख म्हणजे चालत नाही. ‘नॉट लेटर दॅन ३० जून’ म्हणजे ३० तारखेलाही अर्ज देता येतो. ‘बिफोर ३० जून’ असेल तर २९ तारीख शेवटची.

अर्ज लिहितानाही हे भान ठेवावे. गुणपत्रिकेत बरोबर ६० टक्के असतील, तर ‘मोअर दॅन ६०’ लिहू नये. ते खोटे ठरते. ‘६० टक्के’ एवढेच लिहावे.

यासाठी एक सोपी युक्ती आहे. अटीतला नेमका आकडाच घ्या आणि विचारा, हा आत की बाहेर? घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. आईला इंग्रजी येत नसले तरी हा प्रश्न तिला विचारता येतो. उत्तर ठामपणे मिळाले नाही, तर कार्यालयात विचारावे आणि मगच फॉर्म भरावा किंवा सोडून द्यावा. आपला हक्क असताना एका शब्दापायी घरी बसू नये.