खरी पोकळी, खोटी पोकळी

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघणाऱ्या महाधमनीची भिंत तीन थरांची असते. तिचा सर्वांत आतला थर फाटला, तर रक्त दाबाने मधल्या थरात घुसते आणि थर सोलत जाऊन मूळ मार्गाशेजारी दुसरा मार्ग पाडते. या विकाराला एओर्टिक डिसेक्शन, म्हणजे महाधमनीचे विदारण म्हणतात. त्यातील मूळ मार्ग ही खरी पोकळी, नवा मार्ग ही खोटी पोकळी आणि दोहोंमधला सुटलेला थर हा पडदा होय. ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये मरण पावला, तेव्हा फ्रँक निकोल्स या वैद्याला महाधमनीतील चीर आणि हृदयाभोवती साठलेले रक्त शवविच्छेदनातच दिसले.

जिवंत शरीरात हा पडदा दाखवण्याचे काम आज प्रामुख्याने क्ष-किरणांनी शरीराचे छेद टिपणारे सीटी यंत्र करते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद टिपला गेला. मात्र धडधडत्या हृदयालगतची धमनी टिपण्याइतका वेग पुढील दशकांत सर्पिल गतीने फिरणाऱ्या यंत्रांमुळे आला. रक्त आणि धमनीची भिंत क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात, त्यामुळे साध्या स्कॅनमध्ये पडदा सहसा दिसत नाही; भिंतीतच साकळलेले रक्त तेवढे चंद्रकोरीसारखे उजळ उमटते. म्हणूनच आधी साधा स्कॅन घेऊन नंतर, शक्यतो उजव्या हाताच्या शिरेतून, आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट औषध सेकंदाला सुमारे ४ ते ५ मिलिलिटर या वेगाने सोडतात आणि महाधमनी उजळताच छातीपासून जांघेपर्यंतचे छेद काही सेकंदांत टिपतात. डाव्या बाजूच्या शिरेतील दाट औषधाच्या रेघा महाधमनीच्या कमानीवर पडून चित्र बिघडवू शकतात, हे उजवा हात निवडण्यामागचे कारण आहे.

छेद वाचताना उजळ रक्ताच्या दोन प्रवाहांमधली बारीक काळी रेघ शोधायची असते. खोटी पोकळी बहुधा मोठी असते, तिच्यात औषध सावकाश भरते आणि तिची कड चोचीसारखी टोकदार दिसते. खरी पोकळी मात्र बाजूला दबलेली आढळते. महाधमनीच्या मुळाशी हृदयाच्या ठोक्यामुळेही फसवी रेघ उमटते, म्हणून ईसीजीच्या तालावर छेद टिपले जातात. पडदा महाधमनीच्या चढत्या भागात असेल तर तो 'ए' प्रकार ठरतो आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते, कारण उपचारांवाचून सुरुवातीच्या दोन दिवसांत मृत्यूचा धोका दर तासाला सुमारे एक ते दोन टक्क्यांनी वाढतो. चढत्या भागात पडदा नसेल तर तो 'बी' प्रकार होय आणि त्यात गुंतागुंत नसल्यास रक्तदाब उतरवणारी औषधे पुरतात.

या विकाराची वेदना हृदयविकाराच्या झटक्यासारखी भासते, पण झटक्यासाठी दिलेली रक्त पातळ करणारी औषधे येथे घातक ठरू शकतात. या विकाराच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक मायकेल डीबेकी यांना २००५ च्या अखेरीस, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, छातीत कळ आली, तेव्हा आपली महाधमनी फाटत असल्याची शंका त्यांची त्यांनाच आली. पुढच्या तपासणीत ती खरी ठरली आणि २००६ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रियाही झाली. पडदा यंत्र दाखवते. पण रुग्णाला त्या यंत्राखाली नेणारी शंका आधी वैद्याच्या मनात यावी लागते.