लेकराची खुर्ची

पहाटेचे चार वाजलेत. वडीगोद्रीत जानेवारीची थंडी नुसती चावतेय. अंगणात भाड्याची मोटार उभी आहे, मागचं दार सताड उघडं. आत ताई लेकराच्या खुर्चीत गुडघा रोवून, सगळा भार तिच्यावर टाकून सीटबेल्ट ओढतेय. मी मोबाइलची बॅटरी धरून उभा.

पट्टा खुर्चीच्या पोटातून ओवायचा, पलीकडं कुलपात अडकवायचा, ताणायचा आणि मग खुर्चीच्या अंगाला असलेली खिट्टी दाबायची. खट् असा आवाज येतो. "हलवून बघ," ताई म्हणते. पट्टा ओवलाय तिथंच धरून मी हिसका देतो. मोटार हलते, खुर्ची नाही. "इंचभरही सरकायला नको," असं म्हणत ती हात झटकते.

तेवढ्यात आई भाचीला घेऊन येते. स्वेटरवर स्वेटर, डोक्याला कुंची. सोळा महिन्यांचं लेकरू गाठोड्यासारखं दिसतंय. ताई तिला घेते आणि वरचा जाड स्वेटर उतरवायला लागते.

"आगं, गारठंल की लेकरू!"

"आई, स्वेटरवरून पट्टा बांधला की घट्ट वाटतो. गाडी धडकली की स्वेटर दबतो आणि लेकरू पट्ट्यातून निसटतं."

"चांगल्या येळंला वंगाळ बोलू नको."

ताई काही बोलत नाही. खांद्यावरचे दोन्ही पट्टे लावते, छातीवरची पकड काखेच्या रेषेत आणते, मग खांद्याजवळ पट्ट्याला चिमटा काढून पाहते. चिमटीत पट्टा येत नाही, म्हणजे जमलं. वरून गोधडी टाकते. आईची नजर आता दुसरीकडंच गेलीय.

"आन् लेकराचं तोंड पाठीमागं का? रस्ता दिसंल का तिला?"

"रस्ता ड्रायव्हर बघंल. धडक समोरून बसली तर डोकं-मान मागच्या टेकूवर जाते, लोंबकळत नाही."

"आमी काय तुमाला मांडीवर नाई नेलं?"

या प्रश्नाला आमच्या घरात आजवर कुणाकडं उत्तर नव्हतं. ताईकडं आज आहे. "पन्नासच्या वेगात धडक बसली की दहा किलोचं लेकरू दीड-दोन क्विंटलानं ओढ घेतं, आई. तुला दोन क्विंटल कापूस हातात धरवंल?"

कापसाचं माप आईला कळतं. ती गप्प होते. मग गोधडीची कड नीट करते.

दाजी डिक्कीत बॅगा रचतायत. मी खुर्चीच्या कडेवर बॅटरी मारतो. तिथल्या चिकटपट्टीवर लाल अक्षरांत छापलंय की ही खुर्ची मोटारीतही चालते आणि विमानातही. अमेरिकेहून येताना तिकीट काढून भाचीला स्वतःची जागा घेतली होती. खिडकीचीच, कारण खुर्ची आडवी आली तर बाकीच्यांना बाहेर पडता येणार नाही. दोन वर्षांच्या आतलं लेकरू मांडीवर चालतं, मग तिकिटाला एवढा पैसा का, असं नात्यातल्या सगळ्यांनी विचारून झालंय. आज परत जाताना चिकलठाण्याच्या विमानतळाहून मुंबईपर्यंत मात्र ती मांडीवरच जाईल. ताईच्या पट्ट्यात ओवलेला छोटा पट्टा तिच्या पोटाला असेल आणि खुर्ची खाली सामानात. मुंबईला खुर्ची हातात आली की तडा गेलाय का, ते आधी बघायचं, मग पुढचं विमान.

"मांडीवर चालतं तर मग एवढं कशाला?" मीही विचारतोच.

दोऱ्या आवळता आवळता दाजी सांगतात. 19 जुलै 1989 ला अमेरिकेत सू सिटीला एक विमान कोसळलं. त्यात चार लेकरं मांडीवरची होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणं हवाई सेविकांनी आयांना सांगितलं, लेकरं पायांशी जमिनीवर ठेवा. त्यातलं एक लेकरू गेलं. विमानातल्या मुख्य सेविकेनं पुढं कित्येक वर्षं मागणी लावून धरली की प्रत्येक लेकराला स्वतःची जागा द्या. पण सक्ती आजही नाही.

"का बरं?"

"सरकारचं म्हणणं असं की, तिकिटाचा भार पडला तर माणसं विमान सोडून मोटारीनं जातील. आणि रस्त्यावर त्याहून जास्त लेकरं मरतील."

मी मोटारीकडं बघतो. म्हणजे आजच्या सगळ्या प्रवासात खुर्चीची खरी गरज इथून चिकलठाण्यापर्यंतच्या दीड तासात आहे.

ड्रायव्हर हसतो. "ताई, हिकडं कोण इचारतंय याला?" कायदा विचारतो खरं तर. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 194-ब कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा लहान मुलांच्या खुर्चीविना नेलं तर 1000 रुपये दंड. त्याची पावती फाटलेली मी तरी अजून पाहिली नाही.

मोटार निघते. मी मोटारसायकलवर मागं. गडबडीनं जागा झालेला माझा तीन वर्षांचा पोरगा हट्टानं पुढं टाकीवर बसलाय, रोजच्यासारखा. महामार्गाच्या चौकात मोटार थांबते. उसाचा ट्रॅक्टर येतोय, मागं दोन ट्रॉल्या, अंकुशनगरच्या कारखान्याकडं. शेवटच्या ट्रॉलीला ना दिवा, ना चमकपट्टी. उसाच्या ढिगावर बायामाणसं चादरी गुंडाळून बसलीत. एका चादरीतून लहानसं डोकं बाहेर आलंय, हलतंय.

ताई काच खाली करते. तिला ते डोकं दिसतं. मग टाकीवरचा माझा पोरगा दिसतो. ती काहीच बोलत नाही. हात बाहेर काढून त्याच्या गालाला लावते, काच वर करते. मोटार पाचोडच्या दिशेनं वळते. मागच्या काचेत तोंड मागं केलेली भाची क्षणभर दिसते. झोपलीय.

मी गाडी फिरवतो. चार वर्षांखालच्या लेकराला दुचाकीवर हेल्मेट आणि पट्टा लागतो, तो नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. माझ्याकडं दोन्ही नाही. माझ्याकडं डावा हात आहे. तोच पोराच्या पोटावर असतो, आणि त्याच हातानं मी क्लच दाबतो. हात क्लचवर गेला की पोर मोकळा.

चौकात पहिला गिअर. खड्ड्यापाशी दुसरा. कुत्रं आडवं येतं, पुन्हा पहिला. रोजचाच रस्ता, पण हात कितीदा सुटतो ते आज पहिल्यांदा मोजतोय. दार येईपर्यंत अकरा वेळा.