गाडी उंच केली, पण शॉकअप जुनेच? आधी हे वाचा

निमोणे (ता. शिरूर) : पावसाळ्यात काळ्या रानातली वाट, उसाच्या फडाकडं जाणारी चाकोरी, नाहीतर कॅनॉलच्या कडेचा खड्ड्यांचा रस्ता. अशा ठिकाणी खालून घासू नये म्हणून थार, बोलेरो, जुनी जीप दोन-तीन इंच वर उचलून घेण्याची हौस वाढली आहे. स्पेसर किंवा लांब शॅकल टाकली, मोठे टायर बसवले की गाडी रुबाबदार दिसते. पण खर्च तिथंच थांबतो अन् शॉकअप जुनेच राहतात. घोळ इथंच आहे.

मुळात शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. ते काम पाट्यांचं किंवा स्प्रिंगचं. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा नाचू नये म्हणून शॉकअप तिला आवरतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीचा जोर उष्णतेत मुरतो. त्यामुळं खराब रस्त्यावरून आल्यावर तीन शॉकअप गरम आणि एक गार लागला, तर गार असलेला गेला समजा.

गाडी उचलली की चासी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर वाढतं. जुना शॉकअप उभ्या गाडीतच ताणलेला राहतो. चाक खड्ड्यात लोंबलं की ‘खट्ट’ वाजतो, पुढं सील जाऊन तेल गळतं. मग अंदाजानं भलताच लांब घ्यावा, तर गाडी दबल्यावर तो आत आपटून बोल्ट किंवा वरचा कान तोडतो.

म्हणून टेप घ्या. मागं पाटे असतील, तर सपाट जागेवर गाडी उभी करून शॉकअपच्या दोन्ही बोल्टांमधलं अंतर मोजा. मग अ‍ॅक्सल आणि वरच्या बंप रबरमधली फट मोजून वजा करा. समजा १८ इंच आणि फट ४ इंच, तर राहिले १४. रबरही दबतं, म्हणून मिटलेला शॉकअप १३ इंच किंवा त्याहून कमी हवा. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून पुन्हा मोजा. उघडा शॉकअप त्या मापापेक्षा थोडा जास्त हवा. दोन्ही जमत नसेल तर जाड बंप रबर लावा.

२०२० नंतरच्या थारला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथं चाक दोन इंच हललं तरी शॉकअप तेवढा हलत नाही, म्हणून हा हिशोब चालत नाही. त्या मॉडेलचाच किट घ्या. पुढचा स्प्रिंगवाला शॉकअप घरी उघडूही नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल.

मोनोट्यूब की ट्विनट्यूब? मोनोट्यूब लवकर थंड होतो, पण दगड लागून नळीला पोचा पडला की पिस्टन अडकतो. शेत-घर-बाजार एवढ्यासाठी गॅसचा ट्विनट्यूब पुरे, असं आमचं मत.

बसवताना चाकांना दगड लावा, गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. शॉकअप जोडीनं बदला. चकचकीत दांड्याला पकड लावू नका. ओरखडा पडला की सील कापतं. अन् मिस्त्री हमखास विसरतात ते : रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश पिळवटून लवकर फाटतो.

यानंतर ब्रेकचा होज बघा. चाक लोंबल्यावर तो ताणला जात असेल तर तशी गाडी रस्त्यावर काढूच नका. काही गाड्यांच्या मागच्या ब्रेकला लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला ती रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. रात्री शिरूर-चौफुला रस्त्यावर पुढं विनारिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली आली, तर हाच फरक जीवघेणा ठरतो. अलाइनमेंट करा, हेडलाइटही खाली घ्या.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाप्रमाणं बदल चालत नाही. कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. विम्याचा दावाही अडू शकतो. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा.

दोनेकशे किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या. दांड्यावर नुसता ओलसरपणा दिसला तर घाबरू नका. नळीवरून तेलाचा ओघळ आला तर मात्र दुकानदाराकडं बदलून मागा. त्यासाठी पक्कं बिल जपून ठेवा.