वजनकाट्याला न कळणारी चरबी

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा पोषणाच्या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच जिल्ह्याच्या हद्दीत आली: डोंगरात कुपोषणामुळे वर्षानुवर्षे बातम्यांत असलेले जव्हार-मोखाडा, आणि किनाऱ्याला 2009 साली महानगरपालिका झालेले वसई-विरार, जिथे केळी-पानवेलींच्या वाड्या आणि मिठागरे मागे हटून इमारती उभ्या राहिल्या. ज्या घराण्यात दोन पिढ्यांपूर्वी बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या तळ्याचे, पाणी वाडीला घालणे आणि केळीचे घड वाहून नेणे हा नित्यक्रम होता, त्याच घराण्यातील आजचा नोकरदार चर्चगेटपर्यंतचे सुमारे 60 किलोमीटर लोकलने जातो, दिवसभर खुर्चीत बसतो, परतताना स्टेशनाबाहेर वडापाव खातो आणि रात्री उशिरा जेवतो. घराण्याचा अनुवंश तोच राहिला असताना पोट सुटले, तर त्यात अनुवंशाचा वाटा किती?

तो वाटा कमी नाही. डेन्मार्कमधील दत्तक मुलांच्या 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मुले मोठेपणी अंगकाठीने जन्मदात्या आईवडिलांवर गेलेली आढळली, सांभाळणाऱ्यांवर नव्हे. आणि जुळ्यांच्या अभ्यासांतून वजनातील फरकांपैकी साधारण 40 ते 70 टक्के फरक अनुवंशाने येतो, असा अंदाज निघतो. मात्र ही टक्केवारी एखाद्या माणसाच्या चरबीची वाटणी नसून माणसामाणसांतील फरकाचे माप आहे. एकाच गाडीने जाणाऱ्या आणि एकाच टपरीवर खाणाऱ्या लोकांत परिस्थिती जवळपास सारखीच असल्याने उरलेला फरक अनुवंशाच्या खात्यावर जमा होतो आणि टक्केवारी फुगते. भुकेवर परिणाम करणाऱ्या ‘एफटीओ’ या जनुकाचा लठ्ठपणाशी असलेला संबंध 2007 साली उघड झाला, पण त्याचे जोखमीचे रूप आई आणि वडील अशा दोघांकडून आलेल्यांचे वजनही इतरांपेक्षा सरासरी सुमारे 3 किलोनेच जास्त भरले. उलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये अतिवजनाचे प्रमाण 2005-06 मधील 12.6 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 24 टक्क्यांवर गेले, आणि पंधरा वर्षांत कोणत्याही समाजाची जनुके बदलत नाहीत.

परंतु परिस्थिती म्हणजे केवळ वडापाव आणि लोकल नव्हे. तिची सुरुवात गर्भाशयात होते, आणि हे दाखवणारे महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो होते. पण पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान असले, तरी पाठीवर खांद्याच्या पात्याखाली चिमटीत येणारी चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे अर्धपोटी राहिलेल्या आईचे बाळ हडकुळे दिसते, पण त्याच्या शरीराने बचत केलेली असते ती चरबीच.

हीच गोष्ट मोठ्यांत कशी दिसते, हे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे देऊन, थोड्या मिस्किलपणे, मांडले. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावत असत, हेही त्यांनी लपवले नाही; त्यामुळे सगळा फरक वंशावर ढकलता येत नाही. भारतीयांसाठी अतिवजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90, स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटरवर आणली गेली, ती अशाच पुराव्यांमुळे.

पुण्याच्या त्याच अभ्यासात पुढे असेही दिसले की, गरोदरपणी जिच्या रक्तात ‘बी-12’ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, अशा आईच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. म्हणून 2012 पासून ‘प्रिया’ या प्रयोगात त्या अभ्यासातील किशोरवयीन मुलामुलींना, त्यांना स्वतःची अपत्ये होण्याच्या कितीतरी आधीच, ‘बी-12’च्या गोळ्या देण्यास सुरुवात झाली.