अमेरिकेतील आरंभीचे संगणक : प्रसिद्धी आणि किंमत

प्रस्तावना

एखाद्या यंत्राची माहिती समाजात पसरणे आणि ते यंत्र सामान्य माणसाच्या हाती येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील आरंभीच्या संगणकांचा इतिहास याचे ठळक उदाहरण होय. या दोहोंत किती अंतर होते आणि ते कमी करण्यात शिक्षणसंस्थांचा वाटा कोणता होता, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

प्रसिद्धी

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लष्कराच्या खर्चाने बांधलेला ‘एनिॲक’ फेब्रुवारी १९४६ मध्ये वृत्तपत्रांसमोर आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याचे वजन सुमारे ३० टन होते. वर्तमानपत्रांनी अशा यंत्रांना ‘मेंदू’ म्हणण्यास सुरुवात केली.

मात्र घराघरांत संगणक पोहोचला तो दूरचित्रवाणीमुळे. ४ नोव्हेंबर १९५२ रोजी अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाचा अंदाज घेण्यासाठी सीबीएस वाहिनीने ‘युनिव्हॅक’ वापरला. मोजक्या मतांच्या आधारे यंत्राने आयझेनहॉवर यांना ४३८ व स्टीव्हन्सन यांना ९३ निर्वाचक मते दिली. लढत चुरशीची समजली जात असल्याने हा अंदाज लगेच जाहीर झाला नाही. प्रत्यक्ष निकाल ४४२ विरुद्ध ८९ असा लागला आणि यंत्राचे म्हणणे आधीच खरे होते, हे वाहिनीला त्याच रात्री कबूल करावे लागले. विशेष म्हणजे, प्रेक्षकांना स्टुडिओत दिसला तो केवळ देखाव्याचा फलक होता. खरे यंत्र फिलाडेल्फियात होते. लोकांना संगणकाचे नाव कळले, पण यंत्र दूरच राहिले.

किंमत

युनिव्हॅकची किंमत दहा लाख डॉलरच्या वर होती. त्याचा पहिला ग्राहक १९५१ मध्ये अमेरिकेचे जनगणना खाते ठरले. या पहिल्या नमुन्याची केवळ ४६ यंत्रे तयार झाली. त्या मानाने १९५४ पासून मिळू लागलेला ‘आयबीएम ६५०’ स्वस्त मानला जाई. त्याचे भाडे दरमहा सुमारे ३,२५० डॉलर होते. त्या वर्षी मध्यम अमेरिकन कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४,२०० डॉलर होते. म्हणजे एका महिन्याचे भाडे अशा कुटुंबाच्या नऊ महिन्यांच्या मिळकतीहून अधिक होते. शिवाय खोली, वीज, पंचकार्डे आणि प्रशिक्षित माणसे यांचा खर्च वेगळाच. साहजिकच ग्राहक होते ते सरकारी खाती, विमा कंपन्या व मोठे कारखाने.

शिक्षणसंस्थांचा मार्ग

या कोंडीतून वाट निघाली ती महाविद्यालयांतून. संगणकविषयक अभ्यासक्रम शिकवणाऱ्या संस्थांना आयबीएमने ६५० च्या भाड्यात ६० टक्क्यांपर्यंत सवलत दिली. यात कंपनीचा स्वार्थ उघड होता, कारण विद्यार्थी ज्या यंत्रावर शिकतील तेच पुढे नोकरीत मागतील. पण लाभ विद्यार्थ्यांनाही झाला. केस इन्स्टिट्यूटमधील ६५० वर डोनाल्ड क्नूथ आज्ञावली लिहिण्यास शिकले आणि संगणकशास्त्रावरील आपली प्रसिद्ध ग्रंथमाला त्यांनी त्याच यंत्राला अर्पण केली. १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कर्ट्झ यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था केली. तिच्यासाठी ‘बेसिक’ ही सोपी भाषा रचली आणि कला शाखेचे विद्यार्थीही संगणकासमोर बसू लागले.

निष्कर्ष

घरी घेता येईल असा ‘अल्टेअर ८८००’ हा सुट्या भागांचा संच सुमारे ४०० डॉलरला मिळू लागला तो १९७५ मध्ये, म्हणजे त्या निवडणुकीनंतर २२ वर्षांहून अधिक काळाने. मधल्या काळात ज्यांना यंत्र विकत घेणे शक्य नव्हते त्यांना ते वापरता आले, कारण संस्थेने एक यंत्र आणून ते अनेकांसाठी खुले केले. साधन महाग असताना ते वाटून कसे वापरावे, हे ठरवण्याचे काम त्या काळी शिक्षकांनी केले. प्रत्येक नव्या व महागड्या साधनाबाबत शिक्षकांपुढे हाच प्रश्न उभा राहतो.